सांता लुचियाची नारिंगे

13 डिसेंबरचा दिवस उजाडला म्हणजे सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात पुष्कळ घरी पाव येत नाही आणि पास्त्यासाठी आधण चढत नाही. ज्या देशात पावाच्या तुकड्यावाचून घास उतरत नाही, तेथे वर्षातून एक दिवस असा पाळला जावा ही नवलाची गोष्ट खरी. परंतु, वाचकहो, या व्रताचे स्वरूप ध्यानी येताच आपल्याला हसू आवरणार नाही. गहू वर्ज्य म्हणून त्या दिवशी पालेर्मोचे लोक खातात काय? तर नारिंगाएवढे, खमंग तळलेले, आत खिमा किंवा चीज भरलेले भाताचे गोळे. आणि तेही सकाळी, दुपारी व संध्याकाळी! ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे कोणी रचली ते ठाऊक नाही. पण तो मनुष्य पालेर्मोला गेला असता तर त्याला तेथे मुळीच परके वाटले नसते.

2023 सालच्या डिसेंबरात भाषांतरकारांच्या एका मेळाव्याच्या निमित्ताने मला या शहरी तीन आठवडे राहण्याचा योग आला. उतरलो होतो ते एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी. बाल्लारो नावाच्या जुन्या बाजाराच्या पाठीमागील गल्लीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्यांचे बिऱ्हाड होते. बाईंनी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकविले होते. त्यांना मी ‘सिन्योरा’ म्हणे, आणि येथेही तसेच म्हणणार आहे.

खिडकी उघडली की समोर कार्मिने चर्चचा रंगीत कौलांनी मढविलेला घुमट दिसे आणि खालून विक्रेत्यांच्या आरोळ्या ऐकू येत. या आरोळ्या साध्या नव्हेत. त्यांना एक लांबवलेला सूर असतो, आणि त्या अरबांच्या वेळेपासून चालत आल्या आहेत असे तेथील लोक अभिमानाने सांगतात. इ. स. 831 मध्ये अरबांनी हे शहर घेतले आणि 1072 मध्ये नॉर्मनांनी ते त्यांच्याकडून जिंकून घेतले. मधल्या अडीचशे वर्षांत या बेटाच्या शेतीचे आणि स्वयंपाकघराचे रूप पालटून गेले. ऊस, लिंबू, कडू नारिंगे आणि तांदूळ हे सारे त्या काळात अरबांच्या हातून तेथे रुजले. नॉर्मन राजेही असे समंजस की, त्यांनी जिंकलेल्यांच्या कारागिरांना हाकलून दिले नाही. राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात आपण उभे राहिलो तर भिंतींवर सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्ताची चित्रे दिसतात, आणि मान वर केली की छत अरबी सुतारांच्या हातचे, मधाच्या पोळ्यासारखे कोरलेले. शहरातील काही गल्ल्यांच्या पाट्या आजही इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिपींत लावलेल्या आहेत. भाषांतराचा धंदा करणाऱ्या माणसाला अशा पाटीपुढे दोन मिनिटे थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही.

आता त्या भाताच्या गोळ्यांकडे वळतो. त्यांचे पालेर्मोतील नाव ‘अरांचीना’, म्हणजे छोटे नारिंग. केशराने पिवळा झालेला भात, गोल आकार, वरून तळून आलेला तांबूस रंग. नाव अगदी चपखल आहे. परंतु त्या नावाची खरी गंमत आपल्यासारख्यांना अधिक कळावी. नारिंगाला इटालियनमध्ये ‘अरांचा’ म्हणतात. हा शब्द अरबीतील ‘नारंज’वरून, तो फारसीतील ‘नारंग’वरून आणि तो आपल्या संस्कृतातील ‘नारङ्ग’ या शब्दावरून आला. संस्कृतानेही तो दक्षिणेकडील द्राविडी भाषांतून उचलला असावा असे भाषापंडित मानतात. वाटेत कोठेतरी पहिला ‘न’ गळून पडला, एवढेच. माझे घर नागपूरचे. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहराच्या संत्र्यांचे ढीग रस्तोरस्ती पाहत मी वाढलो. आपल्याकडचा एक शब्द सातासमुद्रापलीकडे तळणीत पडून फुगताना पाहिला तेव्हा मला, खरे सांगतो, माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

या नावावरून सिसिलीत एक जुना तंटा आहे. पालेर्मोत हा पदार्थ गोल, आणि नाव स्त्रीलिंगी: अरांचीना. बेटाच्या पूर्वेस कातानिया शहरी तोच पदार्थ शंकूच्या आकाराचा, तेथील एटना ज्वालामुखीसारखा, आणि नाव पुल्लिंगी: अरांचीनो. दोन्ही शहरांतील सज्जन माणसे या एका स्वरावरून हमरीतुमरीवर येतात. 1583 मध्ये स्थापन झालेल्या फ्लॉरेन्सच्या भाषा-अकादमीला अखेर 2016 मध्ये यात लक्ष घालावे लागले, आणि तिने दोन्ही रूपे चालतील असा निर्वाळा देऊन कोणाचेच समाधान केले नाही. सिन्योरांचे दिवंगत पती कातानियाचे होते. अडतीस वर्षांच्या संसारात हा एक वाद मिटला नव्हता, असे त्या सांगत. माझ्या भाषेत नारिंग ‘तो’ही नव्हे आणि ‘ती’ही नव्हे, ‘ते’ आहे, असे मी त्यांना सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमची भाषा आम्हाला आधी कळायला हवी होती.”

पदार्थ किती जुना, याविषयी मात्र फार छातीठोकपणे बोलू नये. अरब अमीर केशरी भाताबरोबर मांस खात आणि त्याचाच हा वंशज, अशी कथा प्रत्येक दुकानदार सांगतो. परंतु 1857 च्या एका सिसिलियन शब्दकोशात हा शब्द सापडतो तेव्हा तो नारिंगाच्या आकाराचा, भाताचा एक गोड पदार्थ आहे! तळलेले, खारे, खिमा भरलेले आजचे रूप बरेच अलीकडचे दिसते. जो पदार्थ दीड-दोनशे वर्षांत गोडाचा तिखटमिठाचा झाला, त्याच्यात आणखी एखादा पालट करायला हरकत का असावी, हा विचार मला नंतर फार उपयोगी पडला.

कारण सिन्योरांना मधुमेह होता. बारा वर्षे झाली होती. गणिताच्या शिक्षिका असल्यामुळे त्यांनी रेघा आखलेल्या वहीत तारीख, वेळ, काय खाल्ले आणि रक्तातील साखरेचा आकडा अशा चार रकान्यांत सगळे मांडून ठेवले होते. त्या वहीत मागील वर्षाच्या 13 डिसेंबरच्या ओळीवर तांबड्या शाईचे वर्तुळ होते. दोन अरांचीना, आणि दोन तासांनी आकडा 271. पुढील वसंतात नेत्रतज्ज्ञाने त्यांच्या डोळ्यांची तपासणी केली तेव्हा पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके आढळले. साखर दीर्घकाळ चढी राहिली म्हणजे डोळ्याच्या पडद्यातील केसासारख्या रक्तवाहिन्या कमकुवत होतात आणि पाझरू लागतात. माणसाला प्रारंभी काही जाणवत नाही, दिसणे तसेच राहते. आणि म्हणूनच हा विकार कपटी आहे. ठिपके एका जेवणाने पडत नाहीत हे सिन्योरांना पुरते ठाऊक होते. तरीही ते तांबडे वर्तुळ त्यांनी पुसले नव्हते.

आणि वाचकहो, येथेच या गोष्टीतील पेच आहे. 13 डिसेंबर हा ज्या संतिणीचा दिवस, ती सांता लुचिया डोळ्यांची रक्षणकर्ती मानली जाते. सिराकूस नगरीच्या या कुमारिकेने इ. स. 304 मध्ये, रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या छळात, प्राण दिला. तिच्या नावातच प्रकाश आहे. चित्रांत ती हाती एक तबक घेऊन उभी असते आणि तबकात दोन डोळे असतात. सिन्योरांच्या स्वयंपाकघरात फडताळाशेजारी तिची अशी एक लहानशी तसबीर होती. 1646 मध्ये दुष्काळाने बेट हवालदिल झाले असता नेमक्या तिच्या दिवशी गव्हाने भरलेले जहाज बंदराला लागले, आणि भुकेल्या लोकांनी दळण्याइतकाही धीर न धरता तो गहू तसाच शिजवून खाल्ला, अशी आख्यायिका आहे. त्याची आठवण म्हणून त्या दिवशी पिठाचे काही खायचे नाही. शिजवलेला अख्खा गहू मात्र चालतो. त्याला ‘कुच्चिया’ म्हणतात. आपल्या घुगऱ्याच त्या. फक्त हल्ली त्यांत रिकोत्ता नावाचे गोड केलेले मऊ चीज आणि साखरेत पाकवलेली फळे घालतात. आणि पावाच्या जागी अरांचीना. डोळ्यांच्या देवतेचा दिवस साजरा करावा, आणि तो साजरा करण्याची रीतच डोळ्यांच्या मुळावर यावी! “न खावे तर संतिणीचा अपमान, खावे तर तिच्या कामात अडथळा,” असे सिन्योरा म्हणाल्या. त्या हसून म्हणाल्या खऱ्या, पण त्यांची दृष्टी त्या वेळी तसबिरीकडे नव्हती, वहीकडे होती.

मला माझी आई आठवली. तिलाही हाच विकार आहे, आणि एकादशीचा साबुदाणा वडा तिनेही सोडलेला नाही.

दहा तारखेला आम्ही प्रयोगाला बसलो. सिन्योरांचा विचार आधीच पक्का झालेला होता: तांदळाच्या जागी फ्लॉवर. हे त्यांच्या डोक्यातून निघालेले खूळ नव्हे. अनेक देशांतील मधुमेही मंडळी अलीकडे फ्लॉवर किसून त्याचा भातासारखा उपयोग करतात. शंभर ग्रॅम शिजवलेल्या भातात पिष्टमय अंश अठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास असतो, तर तेवढ्याच फ्लॉवरमध्ये अवघा पाच ग्रॅम, आणि त्यातलाही काही भाग न पचणारा चोथा. परंतु सिन्योरांना हिशेबापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीचा भरवसा अधिक वाटत होता. सिसिलीत फ्लॉवर परका नाही. बाल्लारोच्या बाजारात हिरवे, पांढरे, जांभळे गड्डे डिसेंबरात डोंगरासारखे रचलेले असतात. पालेर्मोचे लोक फ्लॉवरलाच ‘ब्रोकोली’ म्हणतात, त्यामुळे नवखा माणूस भाजीवाल्यापाशी हमखास फसतो, मीही फसलो. केशर, मनुका, चिलगोजे आणि खारवलेले मासे घालून फ्लॉवरचा एक पास्ता तेथे घरोघरी होतो. म्हणजे फ्लॉवर आणि केशर यांचे गोत्र तेथे आधीच जुळलेले आहे.

आपल्याकडे फ्लॉवर आला तो 1822 मध्ये, इंग्रजांनी सहारनपूरच्या बागेत लावला तेव्हा. नारंग आपण दिले, त्याच्या बदल्यात भूमध्य समुद्राकाठचा फ्लॉवर आपल्याला मिळाला. व्यवहार तोट्याचा झाला असे मला वाटत नाही.

पहिला प्रयोग साफ फसला. सिन्योरांनी फ्लॉवर भाजीसाठी उकडतात तसा पाण्यात उकडला, हातांनी दाबून पाणी काढले, त्यात अंडे व चीज घालून गोळे वळले आणि ओव्हनमध्ये ठेवले. पंधरा मिनिटांनी दार उघडले तो नारिंगांची थालीपिठे झालेली! फ्लॉवरमध्ये पाणी फार. भाताला चिकटून राहण्याचा गुण असतो तो त्याच्या पिष्टामुळे, आणि आम्ही तर पिष्टच हद्दपार केले होते. सिन्योरांनी चष्मा काढून ट्रेकडे पाहिले, पुन्हा लावून पाहिले, आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “गृहीतक चुकले.”

दुसऱ्या दिवशी मी माझ्या आईची विद्या पणाला लावली. फ्लॉवर उकडायचाच नाही. किसून घ्यायचा, पसरट कढईत तेलाच्या एका चमच्यावर मंद आचेवर परतायचा, आणि वाफ निघणे थांबेपर्यंत हात आवरायचा नाही. निवल्यावर तो स्वच्छ फडक्यात बांधून, श्रीखंडासाठी दह्याचा चक्का टांगतात तसा टांगायचा. सिन्योरांच्या घरी खुंटी नव्हती. आम्ही मोरीच्या नळालाच पुरचुंडी बांधली. तासाभराने ती पिळली तेव्हा पेलाभर पाणी निघाले. हे पाणी म्हणजेच कालची थालीपिठे, हे दोघांनाही उमगले.

आवरणाचा प्रश्न निराळा होता. अस्सल अरांचीना पीठ व पाणी यांच्या पातळ लेपात बुडवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून, भरपूर तेलात तळतात. सिन्योरांनी लेपासाठी फेटलेले अंडे आणि त्यात चमचाभर हरभऱ्याचे पीठ घेतले. बेसन पालेर्मोला काही नवे नाही. तेथे बेसन शिजवून, थापून, वड्या पाडून तळतात आणि त्यांना ‘पानेल्ले’ म्हणतात. आपल्या पाटवड्यांची ती बहीणच! पावाच्या चुऱ्याऐवजी बदामाची भरड आणि किसलेले जुने चीज घेतले. सिसिलीचे बदाम नामांकित आहेत, त्यामुळे तेही घरचेच. तळण्याऐवजी वरून तेलाचा हात फिरवून ओव्हनमध्ये भाजले. रंग आला तो अगदी पिकल्या नारिंगाचा.

सिन्योरांनी काट्यावर सगळे तोलून हिशेब केला. दुकानातील एका अरांचीनात भात, पीठ आणि पावाचा चुरा मिळून पिष्टमय अंश पन्नास ग्रॅमच्या घरात जाई. आमच्या एका गोळ्यात तो दहाच्या आत बसला. आकार लहान होता हेही त्यांनी प्रामाणिकपणे समासात लिहून ठेवले.

तेराव्या तारखेला दुपारी त्यांच्या थोरल्या भगिनी आल्या. वय ऐंशीच्या पुढे, काळा पोशाख, आणि हाती तेलाने पारदर्शक झालेली कागदी पिशवी. तिच्यात कोपऱ्यावरच्या दुकानातील चार अस्सल अरांचीना होत्या. त्यांनी आमच्या ट्रेकडे पाहिले आणि विचारले, “हे काय?”

“अरांचीना.”

“यात भात आहे?”

“नाही.”

“तळले आहे?”

“नाही.”

“मग हे काय?” असे त्यांनी पुन्हा, पण निराळ्या स्वरात विचारले. तसबिरीकडे बोट करून म्हणाल्या, “तिला काय सांगशील? एक दिवस वर्षाचा, तोही तुझ्याने नीट पाळवत नाही!”

सिन्योरा शांतपणे उठल्या. भगिनींच्या पिशवीतील एक अरांचीना त्यांनी बशीत घेतली आणि सुरीने तिच्या आवरणाचा एक तुकडा उचलला. “आज काय वर्ज्य आहे?” त्यांनी विचारले.

“गव्हाचे पीठ. पाव.”

“आणि हे काय आहे?”

खोलीत शांतता पसरली. तो पावाचा चुरा होता; आणि त्याखालचा लेप गव्हाच्या पिठाचा. पिढ्यान् पिढ्या हे शहर पाव वर्ज्य करून पावात घोळवलेला पदार्थ खात आले आहे. हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते असे नाही. विनोदाने पुष्कळजण बोलतात. पण भर जेवणाच्या मेजावर, पुराव्यासह, हा मुद्दा कोणी मांडला नसावा. “बदाम, हरभरे, फ्लॉवर, अंडे,” सिन्योरांनी बोटे मोडली. “या खोलीत आज व्रत पाळले असेल तर ते माझ्या ट्रेने.”

थोरल्या भगिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी आपली एक अरांचीना संपूर्ण खाल्ली, तोंड पुसले, मग आमच्यातील एक उचलून ती अर्धी केली आणि सावकाश चावली. “केशर कमी आहे,” एवढेच म्हणाल्या. जाताना मात्र उरलेल्यांपैकी दोन कागदात गुंडाळून घेतल्या. मांजरीसाठी, असे त्यांनी सांगितले. त्यांच्याकडे मांजर होती की नाही याची चौकशी मी केली नाही.

आता चवीविषयी. हे अगदी अस्सलासारखे लागते, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. भाताच्या शिताचा तो मऊ, भरीव घास फ्लॉवरला येत नाही, आणि कढईतून निघालेल्या आवरणाचा कुरकुरीतपणा ओव्हनला साधत नाही. मी भगिनींची अरांचीनाही खाल्ली, आणि ती अप्रतिम होती. परंतु आमच्या गोळ्याला स्वतःची एक चव होती: केशराचा गंध, भाजलेल्या बदामाचा खमंगपणा, आत वितळलेले चीज. मोठ्या घरातील धाकट्या सुनेसारखी ती पहिल्या दिवशी उठून दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या घासाला आवडू लागते.

दोन तासांनी सिन्योरांनी बोटाला सुई टोचली. आकडा आला 148. त्यांनी वहीत तो लिहिला, मागील वर्षीच्या वर्तुळाकडे एकदा पाहिले आणि वही मिटली. मग भांडी घासायला घेतली. घासताना त्या गुणगुणत होत्या, हे मी तीन आठवड्यांत प्रथमच ऐकले.

आपल्यापैकी कोणाला हे करून पाहावयाचे असेल तर प्रमाण सांगतो. आठ गोळ्यांना पुरेल. फ्लॉवरचे तुरे एक किलो घेऊन किसावेत, वर सांगितल्याप्रमाणे परतून, निववून, टांगून घट्ट पिळावेत. त्यात एक अंडे, किसलेले जुने चीज ऐंशी ग्रॅम, चमचाभर कोमट पाण्यात भिजवलेले केशर, मिरपूड आणि अगदी बेताचे मीठ घालावे. चीज स्वतःच खारट असते हे विसरू नये. मिश्रण दोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. ही पायरी गाळली तर गोळे बसतात. हात ओला करून पारी करावी, मोदकासारखी, आणि आत सारण भरावे. पालेर्मोत टोमॅटोत शिजवून आटवलेला खिमा व थोडे मटार भरतात; शाकाहारी घरी अळंबीचे कोरडे परतलेले तुकडे आणि पनीर चांगले लागते. फेटलेले अंडे व चमचाभर बेसन यांच्या लेपात बुडवून शंभर ग्रॅम बदामाच्या भरडीत घोळवावे. ओव्हन दोनशे अंशांवर तापवून पंचवीस ते तीस मिनिटे भाजावे, मध्ये एकदा फिरवावे. ओव्हन नसल्यास खट्टू होऊ नये: आपल्या आप्पेपात्रात, प्रत्येक खळगीत अर्धा चमचा तेल सोडून, लहान गोळे उत्कृष्ट भाजले जातात. साखर उतरवणारी औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवणातील पिष्ट एकाएकी तोडण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. औषध तेवढेच आणि भात नाहीसा, असे झाले तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊन घेरी येते.

नागपूरला परतल्यावर आप्पेपात्राचा प्रयोग मी केला तो आईसाठी, आणि दिवस निवडला एकादशीचा. आईने पहिला प्रश्न विचारला, “उपासाला फ्लॉवर?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अंड्याचा उल्लेख तर मी केलाच नाही. पण तिच्या नजरेतून तो सुटला नाही. तिने दूध घेतले आणि फराळाला साबुदाणाच केला, एक वडा कमी. आता एक वडा कमी ही माझ्या दृष्टीने मोठीच मजल होती. द्वादशीला, अंडे वगळून, बेसनाच्याच आधारावर मी पुन्हा गोळे केले. ते थोडे फुटले. तरी आईने चार खाल्ले आणि सुनेला प्रमाण विचारून घ्यायला सांगितले. साबुदाण्याचा पर्याय मला अजून सापडायचा आहे. सुरणाचे काही जमते का ते पाहत आहे.

2024 च्या जूनमध्ये सिन्योरांचे पत्र आले. अक्षर गणिताच्या शिक्षिकेचे, प्रत्येक ओळ सरळ. वसंतातील तपासणीत डोळ्यांवरचे ठिपके वाढलेले नाहीत, होते तेवढेच आहेत, असे त्यांनी कळविले होते. डॉक्टरांनी याचे श्रेय नव्या गोळ्यांना दिले. थोरल्या भगिनींनी सांता लुचियाला दिले, आणि तसबिरीपुढे मेणबत्ती लावून गेल्या. फ्लॉवरचे नाव कोणीच घेतले नाही, असे सिन्योरांनी खाली लिहिले होते; मात्र भगिनींनी येत्या डिसेंबरात केशर आपण आणू, असे आतापासून सांगून ठेवले आहे.